चादरीची वाट

अधीक्षकसाहेबांनी पेंटरबाईंना बोलावून घेतलं ते पाटी रंगवायला. ‘वापरलेल्या कपड्यांत सुया टाकू नयेत’ एवढाच मजकूर, लाल रंगात, चोवीस प्रती. प्रत्येक वॉर्डात एक.

“साहेब, ही पाटी मी तीन वर्षांपूर्वी रंगवलीय,” पेंटरबाई म्हणाल्या. “तेव्हा निळ्या रंगात होती.”

“मग आता लाल करा. लाल रंग डोळ्यांत भरतो.”

पेंटरबाई ‘बरं’ म्हणून बाहेर पडल्या खऱ्या, पण जिन्याच्या वळणावर त्यांचे पाय थांबले. चार दिवसांपूर्वी हॉस्पिटलच्या धुलाईघरात चादरींचा ढीग निवडताना ज्या बाईच्या अंगठ्यात सुई घुसली, ती त्यांची नणंद होती. नवऱ्याची थोरली बहीण. त्या तिला वन्सं म्हणत. पाच महिन्यांत असं होण्याची ही तिसरी वेळ. आधीच्या दोघींपैकी एक नोकरी सोडून गेली होती आणि दुसरी अजून महिन्यामहिन्याला रक्त तपासून घेत होती.

वन्सं पन्नाशीच्या पुढच्या. तोंडानं फटकळ, हातानं झपाट्याच्या. भावाच्या घरी राहायच्या आणि घरातल्या प्रत्येक गोष्टीवर मत द्यायच्या. सुई लागल्यापासून त्यांचं मत बंद झालं होतं. महिनाभर गोळ्या आणि सहा महिने तपासण्या असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हापासून त्यांनी आपला पेला वेगळा ठेवला होता. “पेल्यानं लागण होत नाही वन्सं, डॉक्टरांनीच सांगितलंय,” असं पेंटरबाईंनी चारदा सांगून पाहिलं. पेला आपला वेगळाच. संध्याकाळी भाचीला जवळ घेऊन बसायच्या त्या हल्ली खिडकीशी बसत. बोलणी ऐकवणाऱ्या वन्संपेक्षा या गप्प वन्संचाच पेंटरबाईंना जास्त त्रास होत होता.

त्या दिवशी पेंटरबाईंनी रंगाचा डबा उघडलाच नाही.

पेंटरबाईंचे वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे. शाळा सुटली की त्या थेट वडिलांच्या दुकानात जात, आणि वडील त्यांना खडूच्या दोरीचं एक टोक धरायला देत. दोरी ताणून चटकन सोडली की फळीवर सरळ पांढरी रेघ उठायची. अक्षरं पुढे आली, रेघ आधी. वडील थकल्यावर दुकान त्यांनीच चालवलं, सोळा वर्षं. मग छापील फलक आले. पाटीला दोन दिवस लागायचे तिथे तासाभरात फलक तयार, तोही फोटोसकट. गिऱ्हाइकं एकेक करून गेली. शेवटच्या गिऱ्हाइकानं तर वडिलांनी रंगवलेली पाटी उतरवून त्याच खिळ्यांना नवा फलक ठोकला, आणि पेंटरबाईंकडूनच हातोडी मागून घेतली. त्यांनी हातोडी दिली. महिन्याभरात दुकानाला कुलूप लावलं, आणि हॉस्पिटलच्या दुरुस्ती विभागात पेंटरची जागा निघाली तेव्हा अर्ज केला. खाटांचे आकडे, बाण, ‘शांतता राखा’, ‘इथे थुंकू नये’. अकरा वर्षं झाली या नोकरीला. आपल्या पाट्या कोण वाचतं आणि कोण वाचत नाही, हे त्यांना अकरा वर्षांत पुरतं कळलं होतं.

सुयांच्या प्रश्नावर दर महिन्याला बैठक व्हायची. या वेळी वन्संना बोलावलं होतं, आणि वन्सं म्हणाल्या, “मी एकटी जाणार नाही. तू चल.” म्हणून पेंटरबाई गेल्या आणि मागच्या रांगेत बसल्या.

बैठक कसली, खडाजंगीच. डावीकडे धुलाईघराचे मुकादम आणि तिथे काम करणाऱ्या बायका, उजवीकडे वॉर्डांच्या सिस्टर, मध्ये अधीक्षकसाहेब आणि त्यांचं घड्याळ.

“सुया वॉर्डातून येतात.”

“आमच्या वॉर्डातून नाही.”

“मग काय चादरींना फुटतात का?”

“तुमच्या कामकरी बायकांनी हातमोजे घातले असते तर लागल्या असत्या का?”

दोन्हीकडचे मुद्दे सगळ्यांना पाठ होते. वन्संना कोणी काही विचारलंच नाही. त्या अंगठा मुठीत लपवून बसून राहिल्या.

फक्त एकदा, जेमतेम दोन मिनिटं, खोलीत वेगळंच काहीतरी घडलं. मुकादमांना गाडी कुठल्या रस्त्यानं येते ते सांगायचं होतं आणि शब्द सापडेनात. त्यांनी चहाचा पेला पुढे ओढला. “हा वॉर्ड समजा. ही चष्म्याची डबी म्हणजे लिफ्ट. गाडी अशी येते, इथे अडते,” असं म्हणत ते पेला सरकवू लागले, आणि भांडणारी सगळी माणसं मान पुढे काढून पेल्याकडे बघत राहिली. एक सिस्टर तर म्हणाली, “नाही हो, लिफ्ट अजून अलीकडे.” आणि तिनं डबी सरकवली. मग कोणाचा तरी फोन वाजला, पेला उचलला गेला आणि भांडण पुन्हा सुरू झालं. शेवटी ‘सर्वांनी काळजी घ्यावी’ असं ठरलं. मागच्या महिन्यातही तेच ठरलं होतं.

पेंटरबाईंच्या डोक्यातून तो पेला काही जाईना. एकमेकांकडे बघून भांडणारी माणसं पेल्याकडे बघताना भांडत नव्हती.

दोन संध्याकाळी खपून त्यांनी घरी मोठं चित्र काढलं. चांगलं दारभर. सिस्टर घाईघाईत सुई चादरीत टाकतेय, चादर गाडीत, गाडी धुलाईघरात, आणि शेवटी अंगठा धरून कळवळणारी बाई. रंग असे की नवरा म्हणाला, “सिनेमाचं पोस्टर झालंय. तिकीट ठेवायचं का?”

पुढच्या बैठकीत परवानगी काढून त्यांनी चित्र भिंतीला लावलं. धुलाईघराच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. सतरा नंबर वॉर्डाच्या सिस्टर मात्र उठून चित्राजवळ गेल्या, जरा वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “ही मी ना? चष्मासुद्धा माझाच काढलाय.” मग पर्स उचलून त्या निघून गेल्या. त्यांच्यामागे उरलेल्या सिस्टरही गेल्या. बैठक सहा मिनिटांत आटोपली.

“बाई, तुम्ही पाटीच रंगवा,” अधीक्षकसाहेब म्हणाले.

चष्मा पेंटरबाईंनी मुद्दाम काढला नव्हता. हात आपोआप तिकडे वळला होता. पण घरी चित्र गुंडाळताना त्यांना स्वतःशी कबूल करावं लागलं: गुन्हेगार आपण आधीच ठरवला होता, चित्र फक्त नंतर काढलं. त्या रात्रभर कुढत बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशी ड्यूटी संपल्यावर त्या सरळ सतरा नंबरमध्ये जाऊन उभ्या राहिल्या.

सिस्टर औषधांचं कपाट लावत होत्या. वळल्याही नाहीत.

“चुकलं माझं,” पेंटरबाई म्हणाल्या.

“सव्वीस वर्षं झाली मला या कामात. माझ्या हातून एकदाही...” सिस्टर थांबल्या. बाटली जागेवर ठेवली. “काढायचंच होतं तर आधी विचारायचं होतंत. माझ्या वॉर्डात सकाळी काय होतं ते मला माहीत आहे. तुम्हाला कुठून माहीत असणार?”

“मग आता विचारते. सांगाल?”

“सगळ्यांसमोर? परत माझी शोभा करायला?”

“या वेळी चित्रात माणूस नसेल. फक्त चादर. आणि मी माझ्या मनानं एक रेघही ओढणार नाही. तुम्ही सांगाल तेवढंच काढीन, चुकलं तर तुम्ही खोडायचं.”

सिस्टर ‘हो’ म्हणाल्या नाहीत. ‘नाही’ही म्हणाल्या नाहीत. “बघू,” म्हणाल्या. पेंटरबाईंना तेवढं पुरेसं होतं.

अधीक्षकसाहेब पहिल्यांदा भेटलेच नाहीत. दुसऱ्यांदा, वेळ नाही म्हणाले. तिसऱ्यांदा पेंटरबाई चोवीस पाट्या काखेत मारून गेल्या. लाल रंगात, खणखणीत अक्षरांत, वाळवून तयार. त्यांनी त्या साहेबांच्या टेबलाशी टेकवून ठेवल्या आणि म्हणाल्या, “हे तुमचं काम झालं. आता मला एक तास द्या.”

साहेबांना हसू आलं. “चाळीस मिनिटं. आणि भांडण झालं तर मी स्वतः उठून जाईन.”

“बैठकीच्या खोलीत नको साहेब. धुलाईघरात, घड्या घालायच्या टेबलावर.”

“तिथे खुर्च्या नाहीत.”

“म्हणूनच.”

घड्या घालायचं टेबल वीस फूट लांब. दोन बायका दोन टोकांना उभ्या राहून त्यावर चादरी दुमडत. पेंटरबाईंनी स्टोअरमधून पॅकिंगच्या खाकी कागदाची गुंडाळी आणली, टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अंथरली आणि कडा चिकटपट्टीनं बसवल्या. वन्संना एक टोक धरायला सांगून खडूच्या दोरीनं मधोमध एक लांब रेघ मारली. तिच्या एका टोकाला खाट आणि शेजारी छोटं टेबल काढलं, दुसऱ्या टोकाला उघडा पंजा. बाकी वीस फूट कोरे.

अकरा माणसं आली. सतरा नंबरच्या सिस्टर शेवटी आल्या आणि दाराशीच उभ्या राहिल्या.

“नियम एकच आहे,” पेंटरबाई म्हणाल्या. त्यांनी खडू उचलला. “ही गोष्ट चादरीची आहे. कोणी काय केलं ते सांगायचं नाही. चादर कुठे आहे, तिच्यावर काय आहे, एवढंच सांगायचं. सकाळी सहाला चादर कुठे असते?”

मुकादम खाकरले. “खाटेवर. आणखी कुठे असणार?”

पेंटरबाईंनी खाटेवर चादर काढली. “मग?”

“मग आमच्याकडे येते की.”

“एकदम? उडत?”

एक बाई फिसकन हसली. त्या हसण्यानं जरा मोकळं झालं. गाडी आली, लिफ्ट आली, मुकादमांनी सांगितलेला अडणारा कोपरा आला. पेंटरबाई काढत होत्या, पण प्रत्येक वेळी थांबून विचारत होत्या, “असंच ना? बघा, नाहीतर खोडते.” कोणीतरी म्हणायचं, पिशवी एवढी मोठी नसते. त्या पुसून लहान करायच्या. चौथ्या पाचव्या दुरुस्तीनंतर लोक टेबलावर वाकून बोटानं दाखवू लागले. धुलाईघराची बाजू आणि वॉर्डाची बाजू केव्हा सरमिसळ झाली ते कोणाच्या लक्षातही आलं नाही.

“खाट अशी नसते,” मागून आवाज आला.

सतरा नंबरच्या सिस्टर टेबलापाशी आल्या होत्या. त्यांनी पेंटरबाईंच्या हातातला खडू घेतला. “खाटेशेजारी टेबल काढलंय तुम्ही. आमच्या निम्म्या खाटांशेजारी टेबल नाही. ट्रे ठेवायला जागा नसते. म्हणून ट्रे इथे येतो.” आणि त्यांनी चादरीवर, पायाच्या बाजूला, एक चौकोन काढला.

कोणी ‘बघा, सापडलं!’ म्हणून ओरडणार होतं. मुकादमांचा तर जबडा उघडलाही होता. पेंटरबाईंनी हात वर करून त्यांना थांबवलं. “ट्रेमध्ये काय आहे?”

“वापरलेल्या सुया. सातच्या आधीच्या इंजेक्शनच्या.”

“त्या कुठे जातात?”

“भिंतीवरच्या पांढऱ्या डब्यात.” सिस्टरनी डबा काढायला खडू टेकवला आणि तशाच थांबल्या. “पण सातला डबा नसतो.”

“नसतो म्हणजे?” साहेब पहिल्यांदाच बोलले.

“भरलेला डबा सातला उचलतात. नवा यायला साडेसात होतात. त्याच वेळी चादरी बदलायच्या असतात, ड्यूटीही बदलत असते. आम्ही जाणाऱ्या, त्या येणाऱ्या. ट्रे तसाच चादरीवर राहतो.”

कचरा उचलणारे काका कोपऱ्यात उभे होते. त्यांना बोलावलं होतं, पण बोलायला नाही असंच त्यांनी धरलं होतं. ते पुढे आले. “मी सातलाच उचलतो मॅडम. माझी गाडी सव्वासातला निघते. नवा डबा मी कुठून आणू? स्टोअर साडेसातला उघडतं. आधी साडेसहाला उघडायचं. वर्ष झालं, वेळ बदलली.”

“कोणी बदलली?” साहेबांनी विचारलं.

काकांनी जमिनीकडे पाहिलं. “सही तुमचीच होती साहेब.”

पेंटरबाईंनी कागदावर भिंत काढली, भिंतीवर डब्याच्या जागी रिकामा खिळा काढला आणि खाली लिहिलं: सात ते साडेसात. वीस फुटांत एवढीच अक्षरं.

मग वन्सं बोलल्या. त्या टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, काढलेल्या पंजापाशी उभ्या होत्या. “आता माझ्या बाजूचंही काढ. इथे मोजे काढ. मोजे आहेत आम्हाला. जाड आहेत. पण ते घातले की चादरीला मारलेल्या गाठी सुटत नाहीत, आणि ढीग संपला नाही की मुकादम ओरडतात. म्हणून आम्ही ते खिळ्याला अडकवतो. त्या दिवशी माझेही खिळ्यालाच होते.” त्यांनी मुकादमांकडे पाहिलं. “ओरडता की नाही?”

“ओरडतो,” मुकादम म्हणाले. मघाचा जबडा आता मिटला होता.

“चादरीला गाठी कोण मारतं?” पेंटरबाईंनी विचारलं.

“आम्ही,” एक तरुण सिस्टर म्हणाली. “गठ्ठा सुटू नये म्हणून. तुम्हाला सोपं पडेल असं वाटायचं आम्हाला.”

“सोपं!” वन्सं म्हणाल्या. “अगं, नखं गेली आमची!” आणि सहा आठवड्यांत पहिल्यांदाच त्यांचा मूळचा आवाज बाहेर पडला. पेंटरबाईंना तो ऐकून इतकं बरं वाटलं की पुढचा प्रश्न विचारायचाच राहून गेला.

सतरा नंबरच्या सिस्टर टेबलाला वळसा घालून वन्संजवळ गेल्या. काय बोलल्या ते कोणाला ऐकू आलं नाही. वन्संनी मूठ उघडून अंगठा दाखवला तेवढं सगळ्यांनी पाहिलं.

चाळीस मिनिटांचा सव्वा तास झाला. साहेब उठून गेले नाहीत. त्यांनी स्टोअरकीपरला तिथेच बोलावून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून रिकामा डबा आदल्या संध्याकाळीच वॉर्डात पोचू लागला, आणि नवा डबा खिळ्याला लागल्याशिवाय जुना उचलायचा नाही असं काकांनीच सुचवलं. गाठी बंद झाल्या. पातळ पण टिकाऊ मोजे यायला मात्र अडीच महिने लागले, कारण त्यांची फाइल तीन टेबलांवर झोपली होती. त्या अडीच महिन्यांत पेंटरबाई दर सोमवारी जाऊन फाइल जागी करत. “पुन्हा आलात?” कारकून म्हणे. “पुढच्या सोमवारीही येईन,” पेंटरबाई म्हणत, आणि जात.

सगळं एका फटक्यात सुधारलं असं मात्र झालं नाही. अकरा आठवडे एकही सुई सापडली नाही आणि बाराव्या आठवड्यात एक सापडली, शस्त्रक्रियेच्या बाजूकडून आलेल्या हिरव्या कपड्यात. या वेळी ती कोणाला लागली नाही. मुकादम संतापून साहेबांकडे निघाले होते. सतरा नंबरच्या सिस्टरनी त्यांना वाटेत अडवलं. “आधी टेबल मोकळं करा. त्यांच्या लोकांना बोलवूया. हिरव्या कपड्याची वाट वेगळी असेल.” ती होतीच वेगळी.

वन्संची शेवटची तपासणी झाली, रक्त स्वच्छ निघालं. त्या घरी आल्या, चहा मागितला आणि साखर कमी झाल्याबद्दल भावजयीला अर्धा तास सुनावलं. पेंटरबाईंनी सगळं निमूट ऐकून घेतलं. स्वयंपाकघरात येऊन मात्र डोळे पुसले. लेकीनं “काय झालं?” विचारलं तर म्हणाल्या, “तुझी आत्या बरी झाली.”

त्यानंतर पेंटरबाईंना एकेक बोलावणी येऊ लागली. बाह्यरुग्ण विभागात रांगेवरून हाणामारी व्हायची, तिथे त्यांनी रांगेतल्याच माणसांकडून नंबराच्या एका चिठ्ठीचा प्रवास सांगून घेतला. एका शाळेच्या बसवाल्यांसाठी, एका गृहसंकुलाच्या पाण्याच्या भांडणासाठीही त्या गेल्या. प्रत्येक ठिकाणी आधी दोन दिवस नुसतं विचारत फिरायचं, मग कागद अंथरायचा. गोष्ट वस्तूची सांगायची, माणसाची नाही, आणि शक्य तितक्या लवकर खडू दुसऱ्याच्या हातात द्यायचा, हे त्यांचं ठरून गेलं होतं. कोणी म्हणायचं, “मला चित्र काढता येत नाही.” पेंटरबाई म्हणायच्या, “चौकोन येतो ना? मग पुष्कळ झालं. छान चित्र काढलं की लोक चित्र बघत बसतात. मी एकदा काढून बसलेय.”

पाण्याचं भांडण मिटलं नाही. तिसऱ्या मजल्यावरचे एक आजोबा कागदाजवळ आलेच नाहीत. लांबून म्हणाले, “पोरखेळ आहे हा.” आणि त्यांच्यामागे चार घरं फिरली. पेंटरबाईंनी कागद गुंडाळून ठेवला. आजोबा रोज सकाळी गच्चीवर टाकी बघायला जातात असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला त्या गच्चीवर हजर होत्या. हातात ना कागद, ना खडू.

“तुम्ही परत?” आजोबा म्हणाले.

“टाकी बघायला आले. तुम्ही रोज काय बघता ते सांगाल का?”

आजोबांनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग टाकीचं झाकण सरकवलं आणि म्हणाले, “ही पातळी बघा. काल दोन बोटं वर होती.” त्यांनी वाकून गच्चीवरच्या धुळीत बोटानं टाकीचा गोल काढला, त्याला एक नळी काढली, आणि नळी कुठे वळते ते समजावून सांगू लागले. पेंटरबाई उकिडव्या बसून ऐकत राहिल्या.